नझीहानं भरलेली बॅग

ट्यूनिसजवळच्या आमच्या ला गुलेत बंदरात कुणी परदेशी निघालं की आधी तिकीट काढायचं आणि मग नझीहाला बोलावणं धाडायचं, अशी रीतच पडून गेली होती. हजला निघालेली म्हातारी असो, फ्रान्सला नवऱ्याकडे चाललेली नवी नवरी असो, नाहीतर शिकायला निघालेलं कुणाचं पोर असो. नझीहा दुपारची यायची, दाराशी चपला काढायची, पलंगावरचा कपड्यांचा डोंगर बघून कपाळाला हात लावायची आणि मग बाह्या वर करून बसायची. चहा होईपर्यंत बॅग अर्धी भरलेली असायची. तिच्या हातची बॅग ल्योंला उघडली तरी सगळ्यात वरची घडी विसकटलेली नसे. हरिसाची, म्हणजे तिखट मिरचीच्या चटणीची, बरणी बुटात, बूट पिशवीत आणि पिशवी टॉवेलात. माझ्या बहिणीसाठी मी दिलेल्या बरणीच्या झाकणाला तेलाचा डागसुद्धा लागला नव्हता.

ही विद्या तिला वडिलांकडून मिळाली. सी तय्यब, म्हणजे आमच्या बोलीत तय्यबसाहेब, बंदरावर कस्टममध्ये होते. दर उन्हाळ्यात मार्सेयच्या बोटीतून टपावर गाद्या, सायकली, फ्रीज बांधलेल्या गाड्या उतरायच्या आणि सी तय्यब लोकांना सगळं सोडायला लावायचे. घरी येऊन मुलांना सांगायचे, "बॅग अशी भरावी की उघडणाऱ्यालाच हात घालायला लाज वाटावी." तिघा मुलांपैकी हे मनावर घेतलं ते एकट्या नझीहानं. आणि ती स्वतः दोन तासांवरच्या सूसच्या पुढे कधी गेली नव्हती.

आमची गच्ची आणि त्यांची गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे, म्हणून तिचं आयुष्य मला जवळून दिसलं. ती थोरली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा औषधांच्या दुकानातली नोकरी तिनं सोडली. "थोडे दिवस," असं म्हणाली होती. रऊफ तेव्हा शिकत होता, मग तो मार्सेयला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि सिहेमशी लग्न करून तिथलाच झाला. धाकटी वसीला आरियानाला बँकेतल्या लझहरला दिली. मध्ये बिझर्तचा एक मास्तर नझीहासाठी येऊन गेला होता. भला माणूस, बोलताना खाली बघायचा. सी तय्यबनी त्याला कॉफी पाजली आणि म्हणाले, "आधी धाकटीचं होऊ द्या." धाकटीचं झालं तोवर मास्तरांचंही झालं होतं. आई गेल्यावर बाबांचं कोण करणार, हा प्रश्न त्या घरात कुणी काढलाच नाही. उत्तर समोरच बसून बाबांच्या मोज्यांना ठिगळं लावत होतं.

त्या काळात मोठ्या सहलीच्या बोटी आमच्या बंदराला लागायच्या. सात-आठ मजल्यांच्या, पांढऱ्याशुभ्र. आम्ही गच्चीवरून बघायचो. एक दिवस रऊफचा फोन आला.

"ताई, बाबांना ऐंशी पूर्ण होतायत. सगळे मिळून बोटीनं जाऊ. पालेर्मो, रोम, जेनोआ, मार्सेय. आम्ही मार्सेयला घरी उतरू, तुम्ही बार्सेलोना बघून परत या."

"सगळे म्हणजे? मीपण?"

"म्हणजे काय! तुझ्याशिवाय कोण सांभाळणार?"

नझीहाला त्यातलं 'तुझ्याशिवाय' तेवढंच ऐकू आलं. त्याच संध्याकाळी भिंतीवरून वाकून मला म्हणाली, "ऐकलंस का गं, मीपण जाणारे." पन्नाशी ओलांडलेली बाई, पण चेहरा असा की जणू ईदला नवे बूट मिळाले. ट्यूनिसला जाऊन निळा ड्रेस घेऊन आली, गळ्याला चमचम असलेला. बोटीवर एका रात्री म्हणे सगळे नटूनथटून जेवतात. तो ड्रेस तिनं मला तीनदा दाखवला आणि तीनदा विचारलं, "फार भडक नाही ना?" कागदपत्रं सगळी रऊफनं तिकडून केली. बाबांचा पासपोर्ट दूतावासातून इतरांच्या नंतर आला, म्हाताऱ्यांना वेळ लागतो म्हणून कुणी विचारलं नाही.

निघायच्या आठवड्यात तिची बैठकीची खोली म्हणजे बाजार झाला होता. वसीलानं स्वतःच्या घरातले कपडे दोन चादरींत गुंडाळून आणून टाकले, धुतलेले आणि न धुतलेले एकत्र.

"ताई, तुझ्या हाताला वळण आहे. मला नाही जमत गं."

"मोजे तरी जोडीनं आणायचेस."

"पोरांचे मोजे! ते काय जोडीनं राहतात?"

लझहर दारात उभा राहून सफरचंद खात होता. मेव्हणीला तो मानानं 'लल्ला' म्हणायचा. "लल्ला नझीहा, माझ्या शर्टांना सुरकुती पडू देऊ नका हं. कप्तानाबरोबर फोटो काढायचाय."

"कप्तान तुझा शर्ट बघणार की पोट?" नझीहा म्हणाली. सगळे हसले. ती खूश असली की असं बोलायची.

मी घड्या घालायला गेले होते. तिनं मला तिच्या पद्धती समजावून सांगितल्या. पोरांचे कपडे गुंडाळ्या करून, मोठ्यांचे घड्या करून. प्रत्येकाचा एक जोड दुसऱ्याच्या बॅगेत, म्हणजे एखादी बॅग हरवली तरी माणूस उघडा पडायला नको. बोटीवर बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून पहिल्या दिवसाची औषधं आणि पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत. रऊफचं कुटुंब फ्रान्सहून विमानानं आलं तेव्हा त्यांच्याही बॅगा तिनं उघडून पुन्हा भरल्या. सिहेमनं आणताना नुसतं कोंबलं होतं.

बाबांची बॅग सगळ्यात शेवटी. त्यासाठी रऊफ चार-चारदा डोकावून जायचा.

"बाबांचा लोकरीचा ओव्हरकोट घाल."

"मे महिन्यात?"

"समुद्रावर वारा असतो ताई. त्यांची छाती तुला माहितीये."

नंतर औषधांचं. डॉक्टरांकडून लिहून घे आणि भरपूर घे, बोटीवर काही मिळत नाही. ती ज्या दुकानात पूर्वी कामाला होती तिथून आणि आणखी दोन दुकानांतून पिशवी भरून गोळ्या घेऊन आली. कानातल्या यंत्राच्या बॅटऱ्या घेतल्या. पेन्शनची कागदं, तीही रऊफनं मागितली. 'असू देत जवळ' म्हणाला. मी म्हटलंसुद्धा, "नझीहा, म्हातारा आठवड्यासाठी चाललाय की वर्षासाठी?" ती म्हणाली, "रऊफला काळजी वाटते गं. लांब राहतो ना."

मग सी तय्यब स्वतः आले. काठी टेकत, हातात बायकोचा फोटो. भिंतीवरून त्यांनीच काढून आणला होता, मागे खिळ्याचा चुना लागलेला.

"हा कशाला, बाबा?"

"राहू दे. तिनंही कधी बोट बघितली नाही."

नझीहाचे डोळे भरून आले. तिनं चुना पुसला, फोटो त्यांच्या दोन बनियनमध्ये गुंडाळला आणि काच फुटू नये म्हणून ओव्हरकोटाच्या पोटात ठेवला. मी समोर बसले होते. सी तय्यब ती ठेवत असताना बघत होते, आणि तिनं मान वर केली तेव्हा त्यांनी खिडकीकडे बघितलं. पुढचं कळल्यावर मला तेवढं आठवलं.

बोट काही लांब नव्हती, आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी. तपासणीला सी तय्यबच्या हाताखाली शिकलेली माणसं होती. त्यांनी म्हाताऱ्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि एकही बॅग न उघडता सगळ्या पुढे सोडल्या. बोटीच्या तपासणीच्या यंत्रात मात्र नझीहाची इस्त्री सापडली. बोटीवर इस्त्री चालत नाही, उतरताना परत घ्या, असं म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली.

"इस्त्री आणलीस?" वसीला दातओठ खात म्हणाली. "चारचौघांत अब्रू घालवलीस."

"तुझ्याच नवऱ्याच्या शर्टांसाठी आणली होती."

रऊफच्या कुटुंबाला गॅलरीची खोली होती, वसीलाच्या कुटुंबाला खिडकीची. नझीहा आणि बाबा यांना आतली, बिनखिडकीची. दिवा मालवला की दिवसा रात्र. "बाबांना झोप लागते अंधारात," रऊफ म्हणाला. बॅगा रिकाम्या करून झाल्यावर सिहेम आली आणि म्हणाली, "ताई, आमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही, रिकाम्या बॅगा तुमच्याकडे ठेवू?" वसीलानं विचारलंही नाही, तिच्या पोरांनी ओढत आणून दारात सोडल्या. पलंगाखाली, कपाटावर, न्हाणीघराच्या दारामागे, सगळीकडे बॅगा झाल्या. बाबांना रात्री उठायचं असलं की नझीहा आधी उठून वाट मोकळी करायची.

आणि सकाळपासून दार वाजायचं.

"आत्या, माझा पोहायचा ड्रेस कुठाय?"

"मावशी, आई विचारते उलटीच्या गोळ्या कुठल्या पिशवीत आहेत?"

"ताई, लझहरचे काळे बूट सापडत नाहीत. तू कुठे कोंबलेस?"

नझीहाला सगळं पाठ होतं. बूट कपाटाच्या खालच्या कप्प्यात, गोळ्या हिरव्या पिशवीत. ओले कपडे तिच्याकडे यायचे, ती न्हाणीघरातल्या दोरीवर वाळत घालायची, त्यामुळे त्या खोलीला हमामसारखा वास सुटला होता. पालेर्मोला सगळे उतरले. बाबांना चढउतार झेपत नव्हती म्हणून ती थांबली. रोमला जायचं ठरलं तेव्हा रऊफ म्हणाला, "ताई, तू ये ना. बाबा राहतील एकटे थोडा वेळ." बाबा म्हणाले, "राहीन की." पण म्हणाले ते अशा आवाजात की तिनं आपली पर्स पुन्हा खुंटीला लावली.

निळा ड्रेस मात्र तिनं घातला. त्या जेवणाला सगळे एका टेबलावर होते. फोटो काढणारा आला तेव्हा वसीलाचा धाकटा रडायला लागला आणि नझीहा त्याला घेऊन बाहेर गेली. फोटोत ती नाही. तो फोटो मी बघितलाय. सगळ्यांच्या शर्टांच्या घड्या अगदी कडक.

एक गोष्ट तिनं मला नंतर पुन्हा पुन्हा सांगितली. जेनोआला बोट उभी होती, सगळे गावात गेले होते, आणि ती बाबांना घेऊन वरच्या मजल्यावर उन्हात बसली होती. घरून आणलेली बसीसा, भाजलेल्या धान्याचं पीठ, तिनं दुधात कालवून त्यांना दिली. बोटीवरचं खाणं त्यांच्या पोटाला चालत नव्हतं. बाबांनी वाटी रिकामी केली आणि एकदम म्हणाले, "नझीहा, तू थकत नाहीस?"

"कशानं?"

"माझं करून."

"आता या वयात हे काय विचारता बाबा? आणि थकून जाऊ कुठे?" ती हसली. वर म्हणाली, "मला फार बरं वाटतंय इथे. आपण दोघंच असलो तरी."

बाबांनी काठी जवळ ओढली आणि म्हणाले, "वारा लागतोय. आत चल."

मार्सेय दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं. उतरणाऱ्यांच्या बॅगा आदल्या संध्याकाळीच दाराबाहेर ठेवायच्या असतात, बोटीचे लोक त्या घेऊन जातात. म्हणून जेवणाआधी नझीहा रऊफच्या खोलीत बसून त्यांच्या बॅगा भरत होती. सकाळी घालायचे कपडे तिनं प्रत्येकाचे वेगळे काढून खुर्चीवर ठेवले होते. सिहेम आरशासमोर केस बांधत होती.

"ताई, हे झालं की बाबांचीही बाहेर ठेवा. विसराल नाहीतर."

"बाबांची कशाला? आमचं अजून बार्सेलोना आहे."

सिहेमचे हात केसांतच थांबले. "रऊफ बोलला नाही तुमच्याशी?"

"काय बोलायचं होतं?"

"तुम्ही त्यालाच विचारा," सिहेम म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

रऊफ गॅलरीत होता. वसीला आणि लझहरही तिथेच, हातात सरबताचे ग्लास घेऊन. नझीहा दारात उभी राहिली. तिच्या हातात सिहेमच्या मुलीचा फ्रॉक होता, अर्धी घडी घातलेला.

"बाबा कुठे चाललेत?"

रऊफनं ग्लास खाली ठेवला. "आमच्याकडे, ताई. त्यांचा व्हिसा झालाय, लांबचा. गुडघ्याचं तिथे बघून घेऊ, डॉक्टर चांगले आहेत. तूही सुटशील जरा."

"किती दिवसांसाठी?"

"राहतील की. माझेही वडील आहेत ते."

"वसीला, तुला माहीत होतं?"

वसीला म्हणाली, "ताई, तुझ्याच भल्याचं आहे गं. किती वर्षं अडकून पडलीस. आता मोकळी झालीस."

"मला कुणी विचारलं का नाही?"

लझहर उठून आत निघून गेला. रऊफ म्हणाला, आणि हे तो अगदी प्रेमानं म्हणाला असं नझीहा सांगते, "ताई, आधी सांगितलं असतं तर तू बॅग भरली असतीस का?"

हातातला फ्रॉक तिनं खुर्चीवर ठेवला आणि आपल्या खोलीत आली. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, बूट घालून, जेवायला जाण्याच्या तयारीत.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आणि तुम्ही आईचा फोटो माझ्याच हातानं बॅगेत घालायला लावलात."

"मी घालणार होतो. तूच घेतलास हातातून."

"मला का नाही सांगितलंत?"

सी तय्यबनी कानातलं यंत्र नीट बसवलं. "रडारड झाली असती. मला रडारड सोसत नाही आता." मग म्हणाले, "मुलाच्या घरी राहावं असं मला फार वर्षं वाटत होतं, नझीहा. लोक विचारतात, मुलगा नेत का नाही? कॅफेत विचारतात. काय सांगू?"

"आणि मी? मी इतकी वर्षं होते ते?"

"तू होतीसच की," ते म्हणाले.

मला हे सांगताना ती इथे नेहमी थांबायची. रागानं बोलले असते तर बरं झालं असतं, म्हणायची. घरात भिंत आहेच, पाणी आहेच, तसं म्हणाले.

तिनं त्यांची बॅग खाली ओढली. उघडली. सगळं पुन्हा काढलं आणि पुन्हा भरलं, कारण मधल्या दिवसांत घड्या बिघडल्या होत्या. सकाळच्या गोळ्या वेगळ्या काढल्या. बाबा बसून बघत होते. मग तिनं ती बॅग दाराबाहेर ठेवली आणि जेवायला गेली नाही.

सकाळी उतरण्याच्या जिन्यापाशी रऊफनं तिला मिठी मारली. सिहेम गालाला गाल लावून 'फोन करू' म्हणाली. बाबांच्या हातावर तो लोकरीचा ओव्हरकोट होता, उन्हाळ्याच्या त्या उन्हात. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी दुआ पुटपुटले आणि विचारलं, "वस्तरा कुठल्या कप्प्यात आहे?"

"उजवीकडच्या. साबणाच्या डबीत."

ते निघाले. मागे वळून बघतील म्हणून ती कठड्याला उभी होती. खाली चाकाची खुर्ची आणली होती, त्यात ते बसले, सामान उचलणाऱ्यांशी काहीतरी बोलले, हसले. जुना कस्टमवाला, बंदर बघून खुलला असेल. वळून काही बघितलं नाही.

बार्सेलोनाला वसीला म्हणाली, "ताई, चल ना खाली, मोकळी आहेस आता." नझीहा एकटीच उतरली. कुठे गेली ते तिनं मला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या खोलीच्या दारात वसीलाच्या घरचा सगळा पसारा येऊन पडला होता. वसीलाचा निरोप होता की आम्ही नाचगाणं बघायला जातोय, तेवढं भरून बाहेर ठेव, सकाळी ला गुलेत.

नझीहानं भरलं. असं सुंदर भरलं की तसं तिनं जन्मात भरलं नसेल. वसीलाच्या खोलीची जास्तीची किल्ली तिच्याकडेच असायची, पोरांच्या ये-जा करण्यासाठी. तिथे जाऊन कपाटं रिकामी केली, खुंटीवरचं काढलं, खुर्चीवरचं काढलं, पलंगाखालच्या चपला काढल्या. सगळे बूट मोजे भरून, सगळे शर्ट घड्या घालून. उशाखालचे रात्रीचे कपडे सोडले तर एक धागा मागे ठेवला नाही. बॅगा दाराबाहेर लावल्या. नाचगाणं संपायच्या आत त्या निघूनही गेल्या. वसीलाचं कुटुंब परत आलं, जे अंगावर आणि पायात होतं ते सगळं पोरांनी सरबतानं माखून ठेवलं होतं म्हणून न्हाणीत पाण्यात टाकलं, उशाखालचे रात्रीचे कपडे घातले आणि झोपले.

सकाळी त्या खोलीतून जो आरडाओरडा झाला तो म्हणे तीन दारं पलीकडे ऐकू गेला.

"माझी पँट कुठाय? वसीला, माझी पँट!"

वसीला अनवाणी धावत आली. "ताई! घालायचं काय आम्ही?"

नझीहा आपली पर्स घेऊन खुर्चीवर बसली होती, केस विंचरलेले, निळा ड्रेस घातलेला. "भरून ठेव म्हणालीस. मी भरलं."

"मुद्दाम केलंस. तू विसरणारी नाहीस."

"नाही. मी विसरणारी नाही."

ला गुलेतच्या बंदरावर त्या दिवशी लझहर उतरला तो पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, पायात बोटीच्या कागदी सपाता. वसीलानं रात्रीच्या गाऊनवर बोटीचा टॉवेल पांघरला होता. पोरं न्हाणीत भिजवलेल्या ओल्या चड्ड्यांत कुडकुडत होती. तपासणीला पुन्हा तीच माणसं, सी तय्यबच्या हाताखालची. त्यांनी खाली माना घालून बॅगा सोडल्या. एकानं फक्त विचारलं, "लल्ला नझीहा, सी तय्यब दिसत नाहीत?"

"ते उतरले," नझीहा म्हणाली. आपली इस्त्री मागून घेतली आणि घरी चालत आली.

गावात ती गोष्ट बरेच दिवस चघळली गेली. पायजम्यावर सगळे हसले. हसू ओसरल्यावर बायका म्हणायला लागल्या, काही झालं तरी बहिणीला असं करावं का? वसीलानं वर्षभर बोलणं टाकलं. नझीहानं त्याची खंत केल्याचं मला दिसलं नाही. ती गम्मार्थच्या एका हॉटेलात कपड्यांच्या विभागात कामाला लागली. सकाळची गाडी पकडायची, संध्याकाळी यायची. बाबा शुक्रवारी फोन करायचे, अमुक कुठे आहे, तमुक गोळी जेवणाआधी की नंतर? ती सांगायची. त्यापलीकडे दोघांकडेही बोलायला काही नसे.

माझा मुलगा जर्मनीला निघाला तेव्हा सवयीनं मी भिंतीवरून हाक मारली. ती आली, पलीकडूनच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला हात आहेत की." मला लागलं ते. मुलाची बॅग मी भरली आणि हरिसा त्याच्या सगळ्या सदऱ्यांवर सांडला.

दुसरा हिवाळा संपता संपता रऊफचा फोन आला. मी तिच्याकडेच बसले होते.

"ताई, बाबांना तुझी फार आठवण येते."

"कधीपासून?"

तो गडबडला. मग हळूहळू बाहेर आलं. बाबा गॅस चालू ठेवतात. रात्री जिन्यात जाऊन बसतात. आंघोळ घालावी लागते, सिहेमला नाही जमत, ती तरी काय करणार, नोकरी आहे. "उन्हाळ्यात बोटीनं आणून सोडतो."

"सोड. वसीलाकडे सोड. मी कामावर असते."

"वसीलाकडे? अगं, ला गुलेतचं घर बाबांचं आहे!"

"आहेच. किल्ली देऊन ठेवते. बाबांबरोबर ज्याला राहायचं त्यानं येऊन राहावं. मी माझी खोली बघेन."

"ताई, असं काय बोलतेस? तुझ्याशिवाय…"

तिनं फोन ठेवला.

सी तय्यबच्या घरी येऊन राहायला कुणीच तयार झालं नाही. शेवटी वसीलानं त्यांना आरियानाला नेलं. पोरांच्या खोलीत त्यांचा पलंग टाकला. तिथे ते अजून आहेत. गावात काही जण नझीहाला दगडाची म्हणतात. इमामसाहेबांच्या बायकोनं तर तोंडावर सुनावलं, बापाची सेवा अर्धी टाकलीस तर आधीचीही फुकट गेली. नझीहा म्हणाली, "ती तशीही गेली होती."

ती दर शुक्रवारी आरियानाला जाते. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. जाताना मिठाईचा पुडा नेते, पाहुणे नेतात तसा. बाबांच्या कपाळाचं चुंबन घेते, समोरच्या खुर्चीवर बसते, मांडीवर पर्स ठेवते. वसीला कॉफी आणते, बारीक झालीये, डोळ्यांखाली काळं आलंय. नझीहा हॉटेलातल्या गोष्टी सांगते. बाबा ऐकतात, मधेच झोपतात, जागे होतात. त्या दिवशी त्यांना खोकल्याची उबळ आली. चेहरा लाल झाला, हात पाण्यासाठी चाचपडायला लागला. पाण्याचा तांब्या नझीहाच्या कोपराजवळ होता. मी उठणार, तेवढ्यात तिनं माझा हात दाबून मला खाली बसवलं.

"वसीला," ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "बाबांना पाणी हवंय."